खेळ मध्येच थांबवायची मुभा द्या

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या प्राथमिक शाळांचा कारभार पाहणारे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी किनाऱ्यावरच्या एका गावात सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. शिक्षक दोन, वर्ग सात. पाचवी, सहावी आणि सातवी मिळून चौदा मुलं माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी दर्यावर जातं: कोणाचा बाप खलाशी, कोणाचा काका तांडेल, कोणाची आई बंदरावर लिलावाला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेरेबुकात, म्हणजे शाळा तपासायला आलेले अधिकारी शेरा लिहितात त्या वहीत, एक ओळ लिहिली गेली: "भेटीच्या वेळी वर्गात अध्यापनाऐवजी संगणकावर खेळ सुरू असल्याचे आढळले." ज्यांनी ती लिहिली त्यांच्यावर माझा राग नाही. ते दारात आले तेव्हा भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा समुद्र होता, त्यात बांगडे फिरत होते आणि पोरं मोठमोठ्याने भांडत होती. दहा मिनिटांच्या भेटीत कोणालाही तसंच दिसलं असतं. पण त्या ओळीनंतर आजूबाजूच्या दोन शाळांतल्या शिक्षकांनी असले प्रयोग बंद केले. म्हणून त्या तासाला काय चाललं होतं, ते मी उघडपणे लिहून तुमच्यापुढे ठेवते आहे.

खेळ असा आहे. समुद्रात नव्वद मासे, होड्या पाच. एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर फेरीला प्रत्येक होडीने किती मासे धरायचे ते बाकीच्यांना न दाखवता टाइप करायचं, जास्तीत जास्त दहा. सगळ्यांचं झालं की पाण्यात उरलेले मासे दीडपट होतात, पण नव्वदच्या वर जात नाहीत. बस, एवढेच नियम. मूळ कल्पना माझी नाही. डेनिस मेडोज या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात मासेमारी कंपन्यांचा असा एक खेळ तयार केला होता, फिश बँक्स नावाचा. विद्यापीठांतले विद्यार्थी आणि मोठी माणसं तो खेळत आली आहेत. त्यावरून मी हे सोपं रूप कागदावर मांडलं. आमचाच एक माजी विद्यार्थी आता अभियांत्रिकीला आहे, त्याने ते स्क्रॅच या मुलांसाठीच्या सोप्या संगणक-भाषेत करून दिलं. बांगड्याचं चित्र पाचवीतल्या मुलीने काढलेलं आहे. इंटरनेट लागत नाही, दोन जुने लॅपटॉप पुरतात.

पहिल्या दिवशी पाचही होड्यांनी दहा-दहा धरले. पन्नास गेले, चाळीस उरले, त्यांचे साठ झाले. पुढच्या वर्षी पुन्हा पन्नास. दहा उरले, त्यांचे पंधरा. तिसऱ्या वर्षी वाट्याला तीन-तीन आले आणि समुद्र रिकामा झाला. "बाई, दर्यात कायच नाय!" असं सहावीतला एकजण ओरडला आणि सगळा वर्ग गप्प झाला. ज्या घरांत गेली काही वर्षं मत्स्यदुष्काळ हा शब्द रोज बोलला जातो, तिथल्या मुलांची ती गप्प होण्याची रीत मी विसरणार नाही.

तिथे मी खेळ थांबवला. शेरेबुकातली ओळ वाचणाऱ्याला हे कळणार नाही, पण त्या तासाचा जीव त्या थांबण्यात होता. लॅपटॉपची झाकणं बंद, वह्या उघड्या. कोणत्या वर्षी किती होते, किती गेले, किती उरले, दीडपट केल्यावर किती झाले, असा तक्ता प्रत्येकाने मांडला. पूर्णांक, अपूर्णांक, दीड, निम्मं हे सगळं त्यात आलं आणि एकानेही "हे कशाला शिकायचं?" असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी घरून आकडा घेऊन आली: सहा. पाच होड्यांनी सहा-सहा धरले तर तीस जातात, साठ उरतात आणि साठाचे पुन्हा नव्वद होतात. समुद्र कधीच संपत नाही. तिला आजोबांनी मदत केली होती. त्यांच्या लहानपणी शाळेत पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेत. नातीने साठ म्हणताच ते म्हणाले, साठ दीडे नव्वद. दहा-दहा धरणाऱ्याला एकूण तेवीस मासे मिळाले होते. सहा-सहा धरले तर दहा वर्षांत साठ. हा फरक मुलांनी फळ्यावर स्वतः लिहिला.

मग एकाने हळूच विचारलं, "शेवटच्या वर्षाक दहा-दहा धरले तर?" त्यावर मागून उत्तर आलं, "शेवटचा वर्ष म्हणान कोणी सांगल्यान तुका?" त्या दिवसापासून किती फेऱ्या होणार हे मी आधी सांगायचं बंद केलं.

पुढचा तास याहून मोलाचा होता. सहा-सहा ठरलं, पण एका होडीने गुपचूप दहा टाकले. चौतीस गेले, छप्पन्न उरले, त्यांचे चौऱ्याऐंशी झाले. फक्त सहाने कमी. कोणाला फारसं काही वाटलं नाही, सगळे पुन्हा सहा-सहावर आले. पण पुढे ८१ झाले, मग (अर्धा मासा सोडून देत) ७६, ६९, ५८, ४२, १८. आठव्या वर्षी तीस मासे मागायला होते आणि समुद्रात अठराच उरले होते. एकदाच चार मासे जास्त धरले आणि त्यापायी अख्खा दर्या बसला. हे वाचून शिकवता येत नाही. मीही आधी गणित करून पाहिलं नव्हतं. मुलांइतकीच मीही त्या आकड्यांकडे बघत राहिले.

मुलांनी आधी चोर शोधला, मग न्याय केला. ज्या होडीने दहा धरले, तिने पुढचं एक वर्ष बंदरात बसायचं. चौऱ्याऐंशीतून उरलेल्या चार होड्यांचे चोवीस वजा केले की साठ राहतात आणि साठाचे नव्वद होतात. समुद्र जागेवर! त्या होडीवरच्या मुलाचा बाप पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं टाकणाऱ्या यांत्रिक होडीवर, खलाशी आहे. तो म्हणाला, "इंजिनाचो हप्तो आसा, घराक बसान कसा चलात?" वर्गात याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पण पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला जो वाद गावात दगडफेकीच्या भाषेत ऐकू येतो, तो त्या दिवशी सहावीच्या पोरांनी आकड्यांच्या भाषेत केला. एकाने रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचं, उदाहरण दिलं. रापण ओढायला दोरीला हात लावेल त्याला वाटा मिळतो, मग बंदीचा वाटाही सगळ्यांनी का घेऊ नये? हा प्रश्न मी पाठ्यपुस्तकातून काढू शकले नसते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, हे आमच्या मुलांना जन्मापासून ठाऊक आहे. त्या काळात होड्या झावळ्यांखाली शाकारून ठेवलेल्या असतात, बाबा घरी असतात, जाळी विणली जातात. पण बंदी का, याचं त्यांचं उत्तर होतं "पाऊस असता म्हणान". खेळात समुद्र साठावर आला तेव्हा एका गटाने सुचवलं की एक वर्ष कोणीच जायला नको, साठाचे नव्वद होऊ देत. पाचही होड्या वर काढल्या. आणि मग एकाला लख्खकन आठवलं: "म्हणजे जून-जुलैसारख्या!" मासळी अंडी घालते तो हा काळ, हे त्यानंतर मी दोन वाक्यांत सांगितलं. तेवढं पुरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा का घोषित केलं, लहान पिल्लं जाळ्यात सापडली तर पुढे काय होतं, हे मुलांनी आपणहून जोडलं.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की हे चिंचोक्यांवरही खेळता आलं असतं, त्याला पडदा कशाला? खरं आहे. पावसात वीज जाते तेव्हा आम्ही चिंचोक्यांवरच खेळतो. खेळातून शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट म्हणजे सापशिडीचंच जुनं रूप. पण पडद्याने तीन कामं होतात जी चिंचोक्यांनी होत नाहीत. कोणी किती धरले ते फेरी संपेपर्यंत झाकलेलं राहतं, म्हणून विश्वास आणि लबाडी दोन्ही खरी होतात. वीस वर्षं पंधरा मिनिटांत खेळून होतात, म्हणून चूक पुन्हा करून पाहता येते. आणि नियम बदलता येतो. दीडपटीऐवजी सव्वापट केली तर दरवर्षी सगळ्यांत मिळून अठराच मासे धरता येतात. अठराचे पाच सारखे वाटे होईनात, तेव्हा वर्गात जो गोंधळ झाला त्यातून भागाकारातली बाकी मुलांना जन्मभरासाठी कळली.

हे सगळं सांगताना दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही, कारण मी ती आधी पाहिली. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेला एका संस्थेकडून टॅब मिळाले. आत शैक्षणिक खेळ भरलेले होते. प्रश्न यायचा, चार पर्याय यायचे, बरोबर बोट लागलं की तारा चमकायचा आणि वाजायचं. एका मुलाने अपूर्णांकांत शंभरावर तारे मिळवले. मला आनंद झाला. मग मी त्याला भाकरी काढून तिचा पाऊण भाग रंगवायला सांगितला आणि त्याला तो रंगवता येईना. शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं की चुकलेला पर्याय पडद्यावरून नाहीसा होत होता. तो भराभर बोट मारत जायचा आणि शेवटी उरलेल्या पर्यायावर तारा मिळायचा. मुलगा हुशार होता. खेळाचा नियम त्याने बरोबर ओळखला होता, फक्त त्या नियमात अपूर्णांक कुठेच नव्हते. आणि मी दोन महिने त्या ताऱ्यांवर समाधान मानून दुसऱ्या वर्गाकडे वळले होते. ते टॅब आता कपाटात आहेत. बॅटऱ्या फुगल्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं "खेळ आणा" एवढंच नाही. खेळ शिकवतो तो थांबल्यावर. मूल काय केलं आणि का केलं हे सांगायला लागतं, चुकलं कुठे हे वहीत शोधतं, तेव्हा. हे थांबवायला आणि विचारायला माणूस लागतो. ज्या खेळात शिक्षकाला मध्ये जागाच नाही, तो कितीही रंगीत असला तरी मूल त्यातून तारे मिळवायला शिकेल.

१९७१ साली अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच नावाचा एक शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. बैलगाड्यांतून ओरेगॉनकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा धडा होता. त्याच्याबरोबर राहणाऱ्या दोन मित्रांनी, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर यांनी, त्यासाठी संगणकावर एक खेळ लिहून दिला. तोच पुढे जगभर गाजलेला ओरेगॉन ट्रेल. वर्गात पडदासुद्धा नव्हता. टेलिटाइप यंत्र होतं, कागदावर ओळी छापून येत. शिकार साधायची तर बँग हा शब्द चटकन आणि अचूक टाइप करायचा. यंत्र एकच, म्हणून मुलांनी कामं वाटून घेतली: ज्याचा टाइपिंगचा हात चांगला तो शिकारीला, दुसरा नकाशावर, तिसरा पैशांच्या हिशेबाला. एका यंत्राभोवती मुलं बोलत होती, यातच त्या खेळाचं यश होतं असं मला वाटतं. "प्रत्येक मुलाला एक टॅब" ही घोषणा ऐकली की मला ते एकच टेलिटाइप आठवतं. आमच्या कमी पटाच्या शाळांना गरिबी वाटते ती गोष्ट इथे बळ होऊ शकते. पाच मुलं एका लॅपटॉपशी गुंतलेली असतात तेव्हा मी बाकीच्यांकडे लक्ष देऊ शकते. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्यालाच कळेल ती वीस मिनिटं काय असतात.

दुसरं टोकही आपण पाहिलं आहे. १९९९ मध्ये सुगता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपापली शिकू लागली. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही असे संगणक बसवले गेले, त्यावर अभ्यास झाला. मुलं यंत्र चालवायला कोणी न शिकवता शिकतात, हे त्यातून दिसलं आणि ते मी रोज पाहते. पण यंत्र चालवता येणं वेगळं आणि नव्वदातून तीस का वजा करायचे हे कळणं वेगळं.

पालकांची भीती मला ठाऊक आहे, कारण तीही माझ्या पायरीवर येऊन बसते. २०२०च्या टाळेबंदीत आपणच मुलांच्या हातात मोबाईल दिले. नेटवर्कसाठी पोरं डोंगरावर चढली, आणि अभ्यास संपल्यावर फोन हातातच राहिला. एक आई मला म्हणाली, "बाई, घरात आम्ही गेम बंद करतंव आणि तुम्ही शाळेत चालू करतास?" मी तिला शनिवारी वर्गात बसवून घेतलं. ती मासे विकते. तिसऱ्या फेरीला तिने पोरांना भावाचा प्रश्न घातला: मासे कमी झाले की दर वाढतो, तो तुमच्या खेळात का नाही? माजी विद्यार्थ्याने पुढच्या महिन्यात तो घातला. सगळ्या आया अशा पटतील असं नाही, आणि पटावं असा हट्टही नाही. घरच्या मोबाईलवरच्या संपता न संपणाऱ्या खेळांबद्दल त्या जे म्हणतात ते बरोबरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यातही पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढून त्यांवर बंदी घातली आणि बाकीच्यांना वेगळं ठेवलं. मग शाळेच्या शेरेबुकात सगळे खेळ एका शब्दात का बसावेत?

आता मागणं. आठवड्याची एक तासिका वेळापत्रकात अधिकृतपणे या कामासाठी द्या. म्हणजे शिक्षकाला खिडकीकडे लक्ष ठेवून शिकवावं लागणार नाही. त्या तासिकेनंतर मुलांच्या वहीत काय आलं ते जरूर तपासा, कडक तपासा. दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद होते. त्यातला एक तास भाषणांऐवजी शिक्षकांना खेळायला द्या. मी पाच शिक्षकांबरोबर हा खेळ खेळले आहे. आम्हीही पहिल्यांदा समुद्र रिकामा केला, आणि तो अनुभव घेतल्याशिवाय खेळ कुठे थांबवायचा हे उमगत नाही.

खरेदीबद्दल कळकळीने सांगते. यंत्रं घेण्याआधी आम्हाला विचारा. खाऱ्या हवेत काय टिकतं, वीज किती वेळ असते, नेट कुठपर्यंत येतं, हे आम्हाला माहीत आहे. निसर्ग वादळानंतर २०२०च्या जूनमध्ये रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. इंटरनेटशिवाय न उघडणारा खेळ आमच्या उपयोगाचा नाही. जीकॉम्प्री (GCompris) हा लहान मुलांसाठीचा खेळसंच निःशुल्क आहे, नेटशिवाय चालतो. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची विज्ञान-गणिताची प्रात्यक्षिकं मराठीतही आहेत आणि त्यांत अपूर्णांकांचे चांगले खेळ आहेत. आणि किनाऱ्यावर तंत्रनिकेतनं आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथल्या मुलांना प्रकल्प हवे असतात. आंब्याच्या मोहोराचा, खाडीच्या भरती-ओहोटीचा, चिपळूणच्या २२ जुलै २०२१च्या पुराचा खेळ त्यांनी करावा आणि आमच्या मुलांनी त्यातल्या चुका काढाव्यात. टॅबच्या एका खरेदीच्या लहानशा हिश्शात असे कितीतरी खेळ उभे राहतील.

शेवटी एक विनंती. शेरेबुकातली ती ओळ खोडा असं मी म्हणत नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहायला या. आमचा तास गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर असतो. देवळाजवळच्या वडाच्या पुढे फोन लागत नाही, त्यामुळे निघण्याआधी कळवा. पाटावर बसावं लागेल. तुम्हाला एक होडी मिळेल, नव्वद मासे असतील, आणि किती वर्षं खेळायचं ते कोणी सांगणार नाही. फक्त मुलांना बंदीचं आधी सांगू नका. या वर्षीच्या पाचवीने ते अजून शोधलेलं नाही.

आपली,
किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शाळेतली शिक्षिका